मोडशी, मुंगूस, डूलॅली : जुन्या इंग्रजी शब्दांकडे मुंबईहून पाहताना

अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांच्या आणि डॉक्टरांच्या लिखाणात हिंदुस्थानातल्या एका रोगाचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं : 'मॉर्ट-द-शिएँ'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण. इंग्रजांनीही ते नाव तसंच उचललं. रोग म्हणजे पटकी. धडधाकट माणूस काही तासांत सुकून जायचा, त्यामुळे नाव कोणाला खटकलं नाही. पण त्याचा कुत्र्याशी काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द आहे आपली मोडशी. मोडणं या क्रियापदावरून आलेला, पोटाच्या विकारासाठी मराठी-कोकणीत वापरला जाणारा घरगुती शब्द. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापून घेतलेल्या आपल्या ग्रंथात हा रोग स्थानिक नावासकट नोंदवला. (मुंबई बेट काही काळ पोर्तुगीज राजाकडून ज्याच्याकडे पट्ट्याने होतं, तोच हा ओर्ता.) पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचं 'मोर्देशिं' झालं. फ्रेंचांना त्यात आपले ओळखीचे शब्द ऐकू आले, आणि इंग्रजांनी फ्रेंचांवर विश्वास ठेवला. आपल्याकडे जुन्या माणसांना अजूनही अजीर्ण झालं की मोडशी होते. तिला युरोपभर कुत्रा चिकटला होता, याची त्यांना दाद नाही.

या पुस्तकात गोळा केलेले शब्द या जातीचे आहेत. जुन्या, विचित्र, वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचे संग्रह इंग्रजीत ढिगाने निघतात. ते बहुतेक गंमत म्हणून चाळायचे असतात. तसाच संग्रह मराठीत करायचा तर शेक्सपिअरच्या काळातल्या शिव्या आणि इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या अवजारांची नावं देता आली असती. त्यात मला रस वाटला नाही. इथे घेतले आहेत ते मुंबई, साष्टी, कोकण, गोवा आणि घाटमाथा या टापूतून इंग्रजीत गेलेले, किंवा या टापूत येऊन इंग्रजीचाच वेगळा बाज झालेले शब्द. त्यांच्या बाबतीत अंधेरी-मुलुंडचा वाचक लंडनच्या कोशकारापेक्षा एका गोष्टीत वरचढ आहे : शब्दाचं मूळ टोक त्याच्या कानात आहे.

इंग्रजी कोशवाङ्मयाची सुरुवातच अवघड शब्दांपासून झाली, हे नव्या वाचकाला माहीत असायला हवं. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तराने पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश काढला, त्यात जेमतेम अडीच हजार शब्द होते आणि ते सगळे बाहेरून आलेले, जड. घर, गाय, पाणी यांना कोशात जागा नव्हती, कारण ते सर्वांना येतात. टॉमस ब्लाउंटचा १६५६ चा कोशही याच वळणाचा. रोजचे शब्द आणि त्यांची मुळं देण्याची पद्धत अठराव्या शतकात नेथन बेलीने रुळवली. १७५५ मध्ये डॉ. जॉन्सन यांनी अर्थाला आधार म्हणून लेखकांची अवतरणं जोडली. खरा पालट झाला १८५७ मध्ये. रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडलं, की कोशकाराने भाषेचा न्यायाधीश होऊ नये, इतिहासकार व्हावं. शब्द पहिल्यांदा केव्हा दिसला, पुढे कसा बदलला, केव्हा मेला, हे तारखेनिशी नोंदावं. त्या विचारातून ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. जेम्स मरे त्याचे संपादक, १८८४ मध्ये पहिला भाग आणि १९२८ मध्ये शेवटचा. शेकडो हौशी वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या, त्या चिठ्ठ्यांवर ही इमारत चढली. त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली होती. तो कोश पुढे डंगरीच्या निमित्ताने येईल.

आपल्या विषयाचा आधारग्रंथ मात्र 'हॉब्सन-जॉब्सन'. १८८६ साली लंडनला निघाला, १९०३ मध्ये विल्यम क्रूक यांनी वाढवला. त्याचे कर्ते दोघे. कर्नल हेन्री यूल हे बंगालच्या इंजिनिअर पलटणीतले; आर्थर बर्नेल मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले, संस्कृतचे पंडित, तंजावरच्या मराठी राजवाड्यातल्या हस्तलिखितांची सूची करणारे. १८७२ च्या सुमारास दोघांची गाठ पडली. पुढे यूल सिसिलीत पालेर्मोला आणि बर्नेल दक्षिणेत, असा टपालानेच हा संसार चालला. बर्नेल १८८२ मध्येच वारले, पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. नावाची कथा तर ग्रंथाचा आत्माच आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा शोक गोऱ्या शिपायांनी ऐकला आणि त्याचे दोन इंग्रज इसम करून टाकले. परका शब्द आपल्या तोंडाला मानवेल असा घडवून घेण्याच्या या प्रवृत्तीला पुढे भाषाशास्त्रात 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' असं नाव पडलं.

ग्रंथ थोर आहे यात वाद नाही. नोंदी वाचताना यूल गप्पा मारतो, चिडतो, मधेच भलतीकडे वळतो, आणि तरी प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे ठेवतो. मोडशीच्या नोंदीत त्याने जे केलं ते तर वकिलाला शोभेल असं आहे. १८१७ च्या साथीआधी हिंदुस्थानात पटकी नव्हतीच, अशी एक समजूत तेव्हा पसरलेली होती. यूल म्हणतो, मग हा शब्द अडीचशे वर्षं कोणत्या रोगाबद्दल वापरत होते? वैद्यकाच्या इतिहासातल्या वादात त्याने एका कोकणी शब्दाला साक्षीला उभं केलं.

पण एक बंगालचा, एक मद्रासचा. मुंबईचा माणूस त्या जोडीत नव्हता, आणि ते जाणवतं. तीन इलाख्यांचं इंग्रजी तीन तऱ्हेचं होतं. कचेरीतल्या शिपायाला बंगालात 'चपरासी' म्हणत, मद्रासेत 'प्यून', आणि मुंबईत 'पट्टीवाला', म्हणजे आपला पट्टेवाला. कमरेच्या पट्ट्यावरून पडलेलं नाव. इलाख्यांतले साहेब एकमेकांना चिडवायचे तेही शब्दांनीच. बंगालवाले 'कोई है' अशी नोकराला हाक मारणारे म्हणून 'क्वाय-हाय', मद्रासवाले मुळगतण्णी (मिऱ्यांचं सार) पितात म्हणून 'मल', आणि मुंबईचे साहेब 'डक', बदकं. हे बदक म्हणजे बोंबील.

'बॉम्बे डक' या शब्दाबद्दल सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी : सुके बोंबील डाकगाडीतून जायचे, डबे घमघमायचे, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि तिचं 'डक'. गोष्ट चटकदार आहे आणि खोटी आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. ऑक्सफर्डच्या कोशाने 'बॉम्बे डक' १८५० च्या लिखाणात दाखवला आहे. गाडी रुळावर येण्याआधी तिच्यात बोंबील चढवता येत नाहीत. मराठी नावावरून घडलेला 'बमेलो' हा जुना इंग्रजी शब्द मात्र सरळ आहे. वेसाव्याला अजून बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील सुकतात. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीच्या दोन्ही बाजूंना लोंबत सोडतात. तिथून चालत पलीकडे मासळी बाजारात गेलं की पापलेट दिसतं, आणि त्याची वाट उलटी आहे : पोर्तुगीजमधल्या 'पांपो'पासून इंग्रजी 'पॉम्फ्रेट', आणि त्याचं आपण केलेलं पापलेट. कोळ्यांचा आपला शब्द सरंगा. हॉटेलच्या मेन्यूवर तो क्वचितच चढतो.

उपनगरांचा इतिहास या शब्दांसाठी समजून घ्यावा लागतो. मुंबई बेट पोर्तुगिजांकडून थेट इंग्रजांकडे गेलं. साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि इकडे मुलुंडपर्यंतचा मुलूख, आधी पोर्तुगिजांकडे होती, मग १७३७ ते १७३९ मधल्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेने मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. त्यामुळे पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी हे तीन थर बेटावर एकमेकांत कालवले गेले, साष्टीत ते एकावर एक बसले. 'ओर्ट' म्हणजे माडाची वाडी. पोर्तुगीज 'ओर्ता' या बागेच्या शब्दावरून. हा शब्द पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या इंग्रजाला कळत नसे. 'व्हेलार्ड' म्हणजे बांध, पोर्तुगीज 'वालादो'. हॉर्नबी व्हेलार्डमुळे तो मुंबईकरांच्या जिभेवर राहिला. 'बॅटी' म्हणजे भात, आणि खाऱ्या पाण्याच्या कडेची शेतं म्हणजे 'सॉल्ट बॅटी ग्राउंड'. मद्रासचा इंग्रज त्यालाच 'पॅडी' म्हणे. मुंबईतल्या 'फोरास' जमिनींच्या नावाबद्दल दोन पक्ष आहेत : एक म्हणतो पोर्तुगीज 'बाहेर' या शब्दावरून, दुसरा म्हणतो जमिनीच्या खंडासाठी असलेल्या 'फोरो'वरून. मला दुसरा पटतो. महसूल खात्याने जमिनीला नाव देताना ती कुठे आहे यापेक्षा तिच्यातून काय येतं ते आधी पाहिलं असणार.

यूल-बर्नेलच्या बाजूला इतर घराणी आहेत आणि त्यांना विसरून चालत नाही. पहिलं कारकुनी घराणं. १८५५ चा विल्सनचा महसुली आणि न्यायालयीन संज्ञांचा कोश यात येतो. १८८५ चा व्हिटवर्थचा कोशही यातलाच. व्हिटवर्थ मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधला असल्याने आपल्याकडच्या शब्दांना त्याच्याकडे न्याय मिळतो, पण लिहिणं कोरडं. दुसरं गोव्याचं. बारदेशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांवरच्या पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावावर ग्रंथ लिहिला आणि १९१९ ते १९२१ या काळात पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा दोन खंडांचा कोश काढला. पहिल्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. दाल्गादोंना कोकणी आईच्या भाषेसारखी नव्हे, आईचीच भाषा म्हणून येत होती, आणि यूल जिथे चाचपडतो तिथे ते एका वाक्यात निकाल देतात. तिसरं आपलं मराठी घराणं : माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश, आणि त्यांच्या आधीचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. राजवाड्यांच्या बुद्धीपुढे मी नमस्कार करतो, पण कुठलाही शब्द संस्कृत धातूपर्यंत नेऊन पोहोचवण्याची त्यांची घाई पुढच्या हौशी लोकांना भलत्या वाटेला लावून गेली.

ती वाट आज मोबाईलवर आली आहे, आणि हे पुस्तक आत्ता काढण्याचं मोठं कारण तेच. रोज सकाळी कोणी ना कोणी पाठवतं की 'करी' म्हणजे आपली कढी, 'कोप्रा' म्हणजे आपलं खोबरं, 'नेम' म्हणजे आपलं नाम, आणि इंग्रजांनी सगळं आपल्याकडून उचललं. यातल्या प्रत्येकाची गत निराळी आहे. नाम आणि नेम ही भावंडं. दोघांचा पूर्वज एक, पण कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. ही गोष्ट विल्यम जोन्सच्या १७८६ च्या कलकत्त्याच्या व्याख्यानापासून माहीत आहे. करी पोर्तुगिजांच्या 'कारील'मार्फत दक्षिणेकडून गेली, कोप्रा मलबारच्या किनाऱ्यावरून. आवाज जुळला म्हणजे नातं सिद्ध होत नाही. शब्द कोणी, कुठे, कोणत्या साली, कोणाच्या तोंडून ऐकला, हे दाखवावं लागतं. या पुस्तकाचा आग्रह एवढाच आहे आणि प्रत्येक नोंदीत तो तुम्हाला टोचेल.

मुंगुसाचं काम सोपं आहे. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये या किनाऱ्यावर आला, मुंबई-सुरत-जुन्नर-गोवा हिंडला, आणि १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात फेरेटसारख्या एका प्राण्याचं नाव 'मंगूस' म्हणून आलं. मराठी शब्द, मराठी मुलूख, तारीख, सगळं जागेवर. (अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून याचं 'मंगीस' करू नये; हा हंस नाही.) पण हाच फ्रायर गोव्याजवळच्या नेरूळच्या दारूबद्दल लिहिताना सांगतो की 'पंच' हे पेय पाच जिनसांचं म्हणून पाच या शब्दावरून. सर्वांनी ते मानलं. मग मरे यांच्या महाकोशाने हरकत काढली : सतराव्या शतकात इंग्रज या शब्दातला स्वर आजच्यासारखा उच्चारत नव्हते, तेव्हा तो 'पुंच'च्या जवळ होता, शिवाय शब्द १६३२ मध्येच इंग्रजांच्या पत्रात आहे, फ्रायरच्या चाळीस वर्षं आधी. साक्षीदार जागेवर होता, पण सांगत होता ते ऐकीव.

डंगरीचा खटला याहून गुंतागुंतीचा. जाड, स्वस्त सुती कापड, आणि त्यावरून कामगारांचे घट्टमुट्ट कपडे. मोल्सवर्थचा कोश सांगतो की मुंबईच्या डोंगरी किल्ल्याजवळच्या बाजारात विकलं जाणारं साधं देशी कापड ते डोंगरी कापड. मोल्सवर्थ मुंबईत बसून, मराठी शास्त्र्यांना विचारून लिहीत होता. याहून चांगला साक्षीदार कोण? पण जॉन सॅरिस हा इंग्रज कप्तान १६१३ मध्ये मोलुकास बेटांवर लवंगांच्या बदल्यात जी कापडं देतो, त्यांच्या यादीत 'डंगेरिन' आहे, आणि त्यापुढे 'सर्वांत तलम' असं लिहिलं आहे. इंग्रज मुंबईत यायला तेव्हा पन्नास वर्षं होती. मग मोल्सवर्थने ऐकलं ते खरं मूळ, की नावावरून बाजारात मागाहून जन्मलेली गोष्ट? दोन्ही पुरावे पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि निकाल राखून ठेवला आहे.

काही शब्द मात्र गावाच्या नावासकट गेले. नाशिकजवळच्या देवळालीला लष्करी छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे आणून ठेवत आणि मुंबईहून बोट निघेपर्यंत ते तिथेच सडत. बोटी हिवाळ्याच्या मोसमातच सुटायच्या, त्यामुळे ज्याची मुदत मार्चनंतर संपली त्याला सहा-सात महिने काम नाही, कवाईत नाही, दारू आणि ऊन एवढंच. माणसं बिनसायची, मारामाऱ्या करायची, तुरुंगात जायची. या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं 'डूलॅली टॅप' : देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने आपल्या १९३६ च्या आठवणींत ते सविस्तर लिहून ठेवलं. पुढे ताप गळाला आणि नुसतं 'डूलॅली' राहिलं. आज इंग्लंडात डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात. नाशिकच्या गाडीत देवळाली स्टेशन आलं की उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

घाट या शब्दाने तर भूगोलच बदलला. कोकणातून वर जायची वाट म्हणजे घाट. युरोपियनांनी वाटेचं नाव अख्ख्या पर्वताला दिलं, 'घाट' म्हणजेच डोंगर असं धरून बसले, आणि मग पूर्वेकडच्या डोंगररांगांनाही 'ईस्टर्न घाट्स' करून टाकलं. आपण शाळेत सह्याद्री आणि पश्चिम घाट दोन्ही पाठ करतो आणि दुसरं नाव साहेबाच्या गैरसमजातून आलंय हे कोणी सांगत नाही.

यातलं काही मेलेलं आहे, काही अजून चालतं. खंडी घ्या. वीस मणांची खंडी, इंग्रजीत 'कँडी', मुंबईच्या मणाने ५६० पौंड. कापसाची खंडी निराळी, ७८४ पौंडांची, म्हणजे आजचे सुमारे ३५६ किलो. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं झाली तरी कापूस बाजारात गाठींचे भाव अजून खंडीवर बोलले जातात. (मोल्सवर्थचे सहकारी मेजर कँडी यांचा या खंडीशी संबंध नाही, हे एकदा सांगून टाकतो, कारण विचारणारे भेटलेत.) जिमखाना यूलच्या काळात नवाकोरा शब्द होता, त्याला तो सर्वांत आधी १८६१ साली रुडकीला सापडला. आज घाटकोपर-मुलुंडला जिमखान्याची मेंबरशिप घेणाऱ्याला तो पिढीजात वाटतो. आणि २०२० साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाच्या दहाव्या आवृत्तीत चाळ, डबा, हरताळ हे शब्द नव्याने घेतले. गिरणगावातल्या चाळी पाडून टॉवर उठत असताना चाळीला तिथे जागा मिळाली.

नोंदींची मांडणी अकारविल्हे नाही. शब्द ज्या धंद्यातून गेला त्याप्रमाणे गट आहेत : मासळी आणि होड्या, महसूल, छावणी, स्वयंपाकघर, वजनं-मापं, रोग. कारण शब्द नेणारे पंडित नव्हते. ते भोई, हमाल, कोळी, सराफ, रामोशी आणि पट्टेवाले होते, आणि ऐकणारे बहुधा विशी-बाविशीतले, घाईत असलेले, घामाघूम झालेले परके. 'लूट', 'ठग', 'जगरनॉट' यांसारखे सर्वांना पाठ असलेले शब्द वगळले आहेत; त्यांच्यावर लिहून झालंय. हिंदी-उर्दूतून गेलेले शब्द मुंबईत त्यांना वेगळा अर्थ मिळाला असेल तरच आहेत. संस्कृत मूळ फक्त गरज असेल तिथे दिलं आहे, आणि ज्यांना ते प्रत्येक ठिकाणी हवं असेल त्यांची निराशा होईल.

साष्टीतल्या गावठाणांबद्दल एक मागणं आहे. गोराई, मनोरी, मरोळ, सहार, आंबोली इथल्या ईस्ट इंडियन घरांत वाड्यांचे जुने दस्त असतात; पुनर्विकासाच्या गडबडीत ते आधी वकिलाकडे आणि मग रद्दीत जातात. 'ओर्ट' हा शब्द मला बेटावरच्या कागदांत मिळाला आहे. साष्टीतल्या एखाद्या दस्तात तो असेल, तर साल आणि गाव वाचता येईल अशी त्या पानाची प्रत प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद पाठवू नये.